संशोधकाला कोणत्या मापाने मोजावे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता फक्त डॉक्टर मंडळींचा वाटेल. पण त्याचा संबंध या संस्थेच्या तिजोरीशी आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातील मुलामुलींच्या भवितव्याशी आहे. पूर्वी आपल्या समाजातून एखादा मुलगा डॉक्टर झाला की गावात मिठाई वाटली जाई आणि तो दवाखाना काढून बसे. आता आपली मुले, आणि सांगावयास आनंद वाटतो की मुलीही, एम.डी. करतात, पीएच.डी. करतात, वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवितात. त्यांना मदत देण्यासाठी शिष्यवृत्ती समिती अर्ज मागविते. अर्जात दोन रकाने आहेत. एकात शोधनिबंधांची संख्या लिहावयाची, दुसऱ्यात त्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला ती संख्या. समितीचे सभासद व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. ज्याचा आकडा मोठा तो उमेदवार मोठा, असे त्यांना वाटले तर त्यांचा काय दोष? मोठमोठी विद्यापीठेही तेच करतात. परंतु हा पैसा लोकांनी विश्वासाने दिलेली अमानत आहे. तो कोणत्या मापाने वाटावयाचा, ते माप तरी आपण एकदा हातात घेऊन पाहिले पाहिजे.

संशोधक जेव्हा निबंध लिहितो तेव्हा त्याच्या शेवटी आधीच्या कोणकोणत्या निबंधांचा आधार घेतला त्याची यादी देतो. अशा प्रत्येक नोंदीला सायटेशन म्हणतात. आपण उद्धरण म्हणू. आता समजा, उलट दिशेने शोध घेतला, म्हणजे अमुक निबंधाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला हे पाहिले, तर एक विचार कसा पसरत गेला ते कळते. ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. त्यांना ती सुचली वकिलांच्या पुस्तकांवरून. अमेरिकन वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून अशी सूची होती की जिच्यावरून एखादा जुना निवाडा पुढील कोणकोणत्या खटल्यांत उद्धृत झाला, तो अजून ग्राह्य आहे की मोडीत निघाला, हे पाहता येई. गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६४ साली विज्ञानाची उद्धरण-सूची प्रसिद्ध केली. ही सूची वाचकाला साहित्य शोधता यावे यासाठी होती. माणसांचे गुणानुक्रम लावण्यासाठी ती निघाली नव्हती. गारफिल्ड पुढे अनेक वर्षे आपल्या आकड्यांच्या गैरवापराबद्दल बजावीत राहिले. त्यांचे किती जणांनी ऐकले, ते आपण पाहतोच आहोत.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अगदीच नवी नाही. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक रिवायतीबरोबर ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी, म्हणजे इस्नाद, जपली. एकच हदीस अनेक मार्गांनी आली असेल तर त्याला महत्त्व होतेच. परंतु त्या विद्वानांनी रावींची नुसती मोजणी केली नाही. हा मनुष्य सचोटीचा होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला असणे शक्य होते काय, हे त्यांनी तपासले, आणि त्यासाठी अस्मा-उर-रिजाल हे एक स्वतंत्र शास्त्र उभे केले. हजार वर्षांपूर्वी आपल्या उलेमांना कळलेला मोजणी आणि पारख यांतला हा फरक आजच्या निवड समित्यांना पुन्हा शिकावा लागत आहे.

आता मापांकडे वळू. पहिले माप नियतकालिकाचे, ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात. एखाद्या नियतकालिकात २०२२ व २०२३ या दोन वर्षांत जे निबंध आले, त्यांना २०२४ मध्ये किती उद्धरणे मिळाली ती मोजावयाची आणि निबंधांच्या संख्येने भागावयाचे. झाला त्या नियतकालिकाचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. ही सरासरी आहे हे लक्षात ठेवा. ज्या गल्लीत एक लक्षाधीश आणि एकोणीस हमाल राहतात त्या गल्लीचे सरासरी उत्पन्न चांगले दिसते. म्हणून कोणी त्या गल्लीतल्या हमालाला श्रीमंत समजून त्याच्याकडे वर्गणी मागायला जात नाही. पण संशोधकाच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

दुसरे माप माणसाचे. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी ते २००५ साली सुचविले. त्याला एच-निर्देशांक म्हणतात. संशोधकाचे निबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने मांडावयाचे. समजा, एका डॉक्टरच्या सात निबंधांना अनुक्रमे ३०, १८, ९, ७, ५, ३ आणि १ अशी उद्धरणे आहेत. पाचव्या निबंधाला पाच आहेत, सहाव्याला मात्र सहा नाहीत. तेव्हा त्याचा निर्देशांक ५. कल्पना साधी आहे आणि एका दृष्टीने चांगलीही आहे, कारण नुसते ढीगभर लिहून हा आकडा वाढत नाही. परंतु दुसरा एक डॉक्टर घ्या. त्याचे तीनच निबंध आहेत. एकाला २००० उद्धरणे, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. याचा निर्देशांक फक्त २! शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधीही कमी होत नाही. निवृत्त झालेल्या, एवढेच काय, मयत झालेल्या संशोधकाचाही तो वाढत राहतो. तीस वर्षांची मुलगी आणि साठ वर्षांचा प्राध्यापक यांना या काट्यावर एकत्र तोलणे म्हणजे अन्यायच. आणि कर्करोगाच्या पेशींवर काम करणारे हजारो लोक एकमेकांना उद्धृत करतात, तर खेड्यातील बाळंतिणींच्या रक्तक्षयावर काम करणारे मूठभर असतात. दोघांचे आकडे एका रांगेत बसवता येत नाहीत.

तो दुसरा डॉक्टर मी काल्पनिक घेतला. आता खराखुरा घेतो. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे. रॉबर्ट कॉख यांनी १८८३–८४ साली इजिप्त व कलकत्ता येथे पटकीचे जंतू ओळखले. हे जंतू काही विष सोडत असावेत असा कॉख यांचा तर्क होता. पण ते विष कोणाला दाखविता येत नव्हते. पाऊणशे वर्षे गेली. अनेकांनी प्राण्यांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत जंतू टोचून पाहिले. डे यांनी विचार केला की रोग आतड्यात होतो, तर प्रयोगही आतड्यातच केला पाहिजे. १९५३ साली त्यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले आणि तो भाग पाण्याने टम्म फुगला. पुढे त्यांनी जंतू गाळून काढून टाकले व उरलेला निव्वळ द्रव वापरला. तरीही आतडे फुगले. म्हणजे जंतूंनी सोडलेले विषच आतड्यातून पाणी ओढून काढते, हे सिद्ध झाले. हा छोटासा निबंध १९५९ साली 'नेचर'मध्ये आला.

आणि मग? काही वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. डॉ. डे १९७३ साली निवृत्त झाले. तोवर जगभर पटकीच्या विषावर काम सुरू झाले होते आणि त्या कामाच्या मुळाशी त्यांचा निबंध होता. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचविले होते. पण भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत सभासद करून घेतले नाही. १९८५ साली ते वारले. पुढच्याच वर्षी, ज्यांनी उद्धरण मोजण्याचे शास्त्र काढले त्या गारफिल्ड यांनीच स्वतः पटकीवरील संशोधनाचा नकाशा काढून डे यांच्या निबंधाचे स्थान जगाला दाखविले. कारण त्या सूचीत आता पुरावा जमला होता. म्हणजे हे माप खोटे नाही, मित्रहो. ते उशिरा येते. आणि निवड समित्या तर घाईत असतात.

उशीर किती होऊ शकतो याचे एक टोकाचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अन-नफीस १२८८ साली वारले. इब्न सिना यांच्या 'कानून'मधील शरीररचनेवर भाष्य लिहिताना त्यांनी स्पष्ट म्हटले की हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत. रक्त उजव्या बाजूने फुप्फुसात जाते आणि तेथून डाव्या बाजूला येते. युरोपात या शोधाचे श्रेय सोळाव्या शतकातील सर्वेतस व कोलंबो यांना मिळत राहिले. १९२४ साली अल-ततावी या तरुण इजिप्शियन डॉक्टराने बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित पाहिले, तेव्हा जगाला कळले. इब्न अन-नफीस यांनी आज आपल्या समितीकडे अर्ज केला असता, तर दुसऱ्या रकान्यात त्यांना शून्य लिहावे लागले असते.

आता या नाण्याची दुसरी बाजू. पुष्कळ उद्धरणे मिळाली म्हणजे काम थोरच, असेही नाही. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. त्याला तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली आहेत. त्यात काय आहे? एखाद्या द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची एक सोयीची पद्धत. प्रयोगशाळेत बसलेल्या प्रत्येकाला तिची गरज पडते, म्हणून प्रत्येकजण तिचा उल्लेख करतो. हा काही आपला फार थोर निबंध नव्हे, असे खुद्द लाउरीच म्हणत. आणि याहून वाईट उदाहरण अँड्रू वेकफील्ड यांचे. गोवराच्या संयुक्त लसीचा आत्ममग्नतेशी संबंध सूचित करणारा त्यांचा निबंध १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तो अप्रामाणिक ठरला, २०१० साली मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी त्यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. त्या निबंधाला हजारावर उद्धरणे आहेत! बहुतेकांनी तो खोडून काढण्यासाठीच त्याचे नाव घेतले. पण मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच. दरम्यान किती आईबापांनी भीतीपोटी मुलांना लस टोचून घेतली नाही, त्याचा रकाना कोणत्याच सूचीत नाही.

कोठे छापले, यालाही महत्त्व आहे हे मी नाकारीत नाही. सर्पगंधेची गोष्ट पाहा. आपले हकीम जिला असरोल म्हणतात तीच ही मुळी. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ साली तिच्यातून अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यातील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवर ही मुळी उपयोगी पडते असे एका भारतीय वैद्यकीय मासिकात लिहिले. बाहेरच्या जगाने ते वाचले नाही. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले, आणि मग पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुळी तीच, देश तोच. फरक पडला तो वकील यांनी केलेल्या काटेकोर नोंदींमुळे आणि ज्या पानांवर त्या छापल्या गेल्या त्यामुळे. तेव्हा तरुणांनी चांगल्या नियतकालिकाची आकांक्षा धरावी, यात काही गैर नाही.

गैर कोठे सुरू होते ते आता सांगतो, कारण खरे दुखणे तेथे आहे. भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध आवश्यक केले. २०१५ साली परिषदेने असेही ठरविले की पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके धरली जाणार नाहीत. पुढे नियम बदलले, परिषदही गेली आणि २०२० साली तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. पण निबंध दाखवा आणि बढती घ्या, हा हिशेब लोकांच्या मनात पक्का बसला. आता परिस्थिती पाहा. २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. जेथे ग्रंथालयात नियतकालिके नाहीत, प्रयोगशाळेत रसायने नाहीत, आणि बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागलेली आहे, तेथील अध्यापकाला सांगितले की निबंध आण. तो कोठून आणील?

तो विकत आणील. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा यातूनच फोफावला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील नियतकालिकांची पुण्याच्या विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तपासणी केली. तो अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. विद्यापीठांनी सुचविलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीला तर २०१९ साली अमेरिकेच्या न्यायालयाने फसव्या व्यवहारांबद्दल पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. माझ्या ओळखीच्या एका होतकरू अध्यापकाने अशाच एका नियतकालिकाला पैसे पाठविले. बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले ते पैसे होते. निबंध चार दिवसांत 'तज्ज्ञांनी तपासून' छापला गेला. आज त्या नियतकालिकाचा मागमूस नाही. आणि वाईट असे की निबंधातील रोग्यांच्या नोंदी खरोखर कष्टाने जमविलेल्या होत्या. त्या आता ना छापलेल्यांत मोजल्या जातात, ना पुन्हा दुसरीकडे छापता येतात.

त्याखेरीज लहानमोठ्या युक्त्या आहेतच. एका अभ्यासाचे चार तुकडे करून चार निबंध पाडावयाचे. ज्याने रोगी पाहिला नाही, कागद वाचला नाही, अशा वरिष्ठाचे नाव आधी घालावयाचे. 'तू मला उद्धृत कर, मी तुला करतो' हा व्यवहार तर सर्वांच्या परिचयाचा. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली सरकारच्या चलनधोरणाविषयी जे म्हटले त्याचा आशय असा की, एखाद्या आकड्यावर नियंत्रणाची भिस्त ठेवली की तो आकडा विश्वासार्ह राहत नाही. वैद्यकात त्याची किंमत शेवटी खाटेवरच्या माणसाला मोजावी लागते.

मग काय करावे? २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे पेशीशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात एक जाहीरनामा तयार झाला, तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीची पात्रता ठरवू नये, काम स्वतः वाचून ठरवावे, असे तो सांगतो. जगातील हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. आपल्या छोट्या संस्थेला सह्या करण्याची गरज नाही, पण त्याप्रमाणे वागता येईल. मी समितीला असे सुचविले आहे की संख्येचे रकाने राहू द्यावेत, मात्र ते शेवटी टाकावेत. आधी अर्जदाराने आपला एकच निबंध निवडून जोडावा आणि पानभर मजकूर मराठीत किंवा उर्दूत लिहावा: प्रश्न काय होता, त्यात मी स्वतः काय केले, उत्तर काय मिळाले, त्याने रोग्याला काय फरक पडेल. ज्याने काम केले आहे त्याला हे पान अवघड नाही. ज्याने नुसते नाव लावले आहे त्याचे ते पान कोरे राहील, किंवा निदान तसे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. जो अजून काही छापू शकलेला नाही त्यालाही हे पान लिहिता येईल, आणि माझ्या मते त्याचा अर्ज बाजूला ठेवू नये. कॅटलिन कारिको यांची १९९५ साली पेन्सिल्व्हेनियाच्या विद्यापीठाने पदावनती केली होती, कारण त्यांच्या आरएनएच्या कामाला कोणी अनुदान देईना. त्याच कामातून कोविडच्या लसी निघाल्या आणि २०२३ साली त्यांना नोबेल मिळाले. प्रत्येक नाकारलेला अर्ज कारिकोंचा नसतो, हे मलाही माहीत आहे. पण वाचल्याशिवाय तो कोणाचा आहे हे कळावे कसे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण कोकणातले आहात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव तुमच्या घरी ठाऊक असेल. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत त्या भागात त्यांनी काम केले. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. ते रोग्याच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, छातीतील आवाज यांची नोंद करीत. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग त्यांनी विंचूदंशावर करून दाखविला, आणि ते अनुभव १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'ने छापले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची तुलनात्मक चाचणी आली. त्यांनी आधी रोगी पाहिला, मग लिहिले. हा क्रम तुम्ही उलटा करू नका, एवढेच म्हणतो.

चांगले नियतकालिक आणि बनावट नियतकालिक ओळखावयाचे कसे, पबमेडवर शोध कसा घ्यावयाचा, मागे घेतलेला निबंध कसा कळतो, हे सर्व भाषणात सांगण्यासारखे नाही. ते संगणकासमोर बसून दाखवावे लागते. पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता मी संस्थेच्या वाचनालयात बसणार आहे. कोणाला कोठल्याही नियतकालिकाकडून पैसे मागणारे पत्र आले असेल तर उत्तर देण्यापूर्वी ते घेऊन यावे. मुलींनी संकोच करू नये. वडील किंवा भाऊ बरोबर आले तरी खुर्च्या पुष्कळ आहेत.